पर्सने नाकारलेला हात

परदेशात फिरताना कशाकशाला जपायचं, हे मकरंद प्रभुखानोलकरला रोमने शिकवलं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिथल्या स्टेशनवर एका बाईच्या हातातलं आइस्क्रीम त्याच्या बायकोच्या, शलाकाच्या कोटावर सांडलं. बाईने स्वतःचा रुमाल काढून कोट पुसला, पाच-सहा वेळा माफी मागितली आणि ती गर्दीत दिसेनाशी झाली. कोट स्वच्छ झाला, पण पर्समधले दोन्ही पासपोर्ट, कार्डं आणि शलाकाच्या आईच्या मोत्याच्या कुड्या गेल्या. सात दिवसांच्या सहलीतले अडीच दिवस पोलीस चौकीच्या आणि वकिलातीच्या बाकावर बसण्यात गेले.

तेव्हापासून मकरंदचे नियम ठरले. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, अंगावर फक्त त्याची प्रत. मोबाईल कॅफेच्या टेबलावर ठेवायचा नाही. कोणी अंगावर काही सांडलं, तर आधी पर्स धरायची, मग कपड्यांकडे बघायचं. नियम चोख होते, फक्त ते वापरायची वेळ येत नव्हती, कारण तो परत परदेशी जायलाच तयार नव्हता. सावंतवाडीत त्याचा दातांचा दवाखाना अठ्ठावीस वर्षं चालला होता आणि रजा न घ्यायला तेवढं कारण त्याला पुरत होतं. शलाकाने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर तिने भूशिरं काढली, सागरी प्रवाहांचे बाण काढले, आणि यातलं काहीही न बघता ती निवृत्त झाली.

मार्च महिन्यात त्यांची मुलगी इरा बंगळुरूहून आली ती एक पर्स घेऊन. साधी तपकिरी, खांद्याला आडवी लावायची. तिचं कापड ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथेच इरा काम करत होती.

"बाबा, ही घेतलीस की तुझी सगळी कारणं संपली," ती म्हणाली.

"काय आहे हिच्यात?"

"ही हात ओळखते."

जेवणाच्या टेबलावर बसून इराने आईला ते समजावून सांगितलं. माणसाने हात कितीही स्थिर धरला तरी तो स्थिर नसतो. मेंदूकडून स्नायूंना येणारे हुकूम सलग येत नाहीत, तुटकतुटक येतात. त्यामुळे प्रत्येकाचा हात सेकंदाला आठ ते बारा वेळा थरथरत असतो, इतका बारीक की डोळ्याला ते कळत नाही. पर्सच्या कापडात केसाहून बारीक असे तंतू विणले होते. ते दाबले गेले की त्यांच्यात किंचित वीज तयार होते. बोटं कुठे किती दाबतात, तळवा किती टेकतो आणि त्याखाली ती थरथर कोणत्या लयीत चालू आहे, हे सगळं तंतूंना समजत होतं. दोन माणसांची ही लय सारखी नसते. सही गिरवता येते, ही गिरवता येत नाही.

"मालकाचा हात लागला की चेन उघडते," इरा म्हणाली. "परका लागला की चेन अडकते, पट्टा खांद्याला आवळतो आणि पर्स त्या देशाच्या भाषेत मोठ्याने बोलते. काही शहरांत तर जवळच्या पर्यटक पोलिसांनाही निरोप जातो. हॉटेलच्या खोलीत मात्र गप्प राहते, नुसती नोंद ठेवते."

तिघांनी आपापले दोन्ही हात चाळीस-चाळीस वेळा पर्सवर ठेवले. पर्स तिघांना ओळखायला लागली. मकरंदने ती चार दिवस गल्लीत, भाजीबाजारात वापरून पाहिली, शेजाऱ्यांच्या मुलाला चोरायला लावली आणि अखेर म्हणाला, "बरं. कुठे जायचं?"

शलाकाने लिस्बन म्हटलं. युरोपच्या मुख्य भूमीचं पश्चिम टोक तिथून तासा-दीड तासावर होतं. नकाशात ती जागा तिने हजारो मुलांना बोट ठेवून दाखवली होती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते लिस्बनला उतरले. दोघांच्या कानात दुभाष्याचा मणी होता, समोरचा पोर्तुगीज बोलला की कानात मराठी यायचं. तरी शलाका पहिल्या दिवशी मणी काढून ऐकत राहिली. हॉटेलवाल्याने किल्लीला चावीसारखंच काहीतरी म्हटलं, बाथरूममधल्या वडीला साबणासारखं. "आपलेच शब्द आहेत रे," ती मकरंदला म्हणाली. "आपण त्यांचे उचललेत," मकरंद म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, चढावर करकरत जाणाऱ्या जुन्या पिवळ्या ट्राममध्ये, पर्सने आपलं काम केलं. गर्दी दाट होती. शलाकाच्या शेजारी सूट घातलेला एक साठीचा गृहस्थ वर्तमानपत्राची घडी हातात धरून उभा होता. वळणावर सगळे एका बाजूला कलंडले, त्याच क्षणी पट्टा शलाकाच्या खांद्यावर आवळला आणि पर्स खणखणीत बोलली. कानातल्या मण्याने सांगितलं, "हात काढा. ही पर्स तुमची नाही."

गृहस्थाने वर्तमानपत्राखालचा हात मागे घेतला, टोपीला बोट लावून "माफ करा" म्हटलं आणि पुढच्या थांब्यावर तो सावकाश उतरून गेला. एका म्हाताऱ्या बाईने पर्सकडे बघून मान डोलावली. मकरंद इतका खूश झाला की त्याने उतरल्यावर लगेच इराला संदेश पाठवला.

संध्याकाळी ते नदीजवळच्या एका खानावळीत भाजलेले पेडवे खात होते. पेडव्यांना तिथे सार्डिन म्हणतात. वासाने गल्ली भरून गेली होती. "वेंगुर्ल्याच्या बंदरावर आल्यासारखं वाटतंय," शलाका म्हणाली. मकरंदने हो म्हटलं, पण जरा उशिरा. बिल वाचायला त्याला चष्मा हवा होता. शलाकाची बोटं तेलकट होती, म्हणून तिने मानेने पर्सकडे खुणावलं. त्याने वाकून चेनला हात घातला.

"हात काढा," पर्स म्हणाली. "ही पर्स तुमची नाही."

आजूबाजूच्या टेबलांवरची डोकी वळली. वेटर दोन पावलं पुढे आला. शलाका हसली, तिने नवऱ्याकडे बोट दाखवून खांदे उडवले, आणि सगळे आपापल्या ताटाकडे वळले. मकरंद हसला नाही. त्याने उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने पुन्हा चेन ओढली. ती सहज उघडली.

"तेल लागलं असेल बोटाला," शलाका म्हणाली.

"असेल," तो म्हणाला.

खरी पंचाईत झाली ती तिसऱ्या दिवशी, नदीकाठच्या बेलें भागातल्या मठाबाहेरच्या रांगेत. तिकिटं पर्समध्ये होती. दारावर पोचता पोचता मकरंदने सवयीने उजवा हात घातला आणि पर्स ओरडली. शलाका त्याला काही म्हणणार तोच निळ्या सदऱ्यातली एक तरुण पोलीस त्यांच्या मध्ये येऊन उभी राहिली. तिने मकरंदला हाताने लांब थांबायला सांगितलं आणि शलाकाला बाजूला घेतलं.

"हा माणूस तुमच्याबरोबर आहे?"

"माझा नवरा आहे."

"तुम्ही सुरक्षित आहात ना? तो जवळ नाहीये, मोकळेपणाने बोला."

"अहो, तेहतीस वर्षं झाली लग्नाला. पर्स बिघडलीय."

"दोघांची ओळखपत्रं बघते," पोलीस म्हणाली. ती उद्धट नव्हती. तिने पासपोर्टच्या प्रती बघितल्या, दोघांचे चेहरे बघितले, माफी मागून गेली. पण पाच मिनिटं रांगेतले शे-दीडशे लोक मकरंदकडे बघत होते आणि तो दोन्ही हात खिशात घालून भिंतीजवळ उभा होता. आत गेल्यावर शलाका दगडातलं कोरीवकाम बघत होती, तो जमिनीकडे बघत चालला होता.

"मी परत त्या पर्सला हात लावणार नाही," तो म्हणाला.

"अरे, यंत्र आहे ते. इराला सांगू, ती नीट करेल."

"इराला काही सांगू नकोस." हे तो इतक्या पटकन म्हणाला की शलाकाने वळून पाहिलं. "उगाच तिला वाईट वाटेल," त्याने पुढे जोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी मकरंद खाली नाश्त्याला गेला तेव्हा शलाकाने इराला फोन लावला. बिघाड तिने हसत हसत सांगितला, पोलिसासकट. इराने नोंदी बघण्यासाठी परवानगी विचारली, शलाकाने फोनवर अंगठा टेकवून दिली. थोडा वेळ पलीकडून नुसता कळफलकाचा आवाज येत होता.

"आई, काल आणि आज सकाळी सात वाजता तू कुठे होतीस?"

"अंघोळीला. का?"

"काल सात ते साडेसात या वेळात पर्सला सतरा वेळा हात लागलाय. खोलीत. आज वीस वेळा."

शलाका पलंगाच्या कडेवर बसली. खोलीत तेव्हा मकरंदशिवाय कोणी नव्हतं. पर्समध्ये तिच्या गोळ्या, चष्मे, थोडे युरो आणि टिपणवही होती. तेहतीस वर्षांत त्याने तिचं साधं पत्र न विचारता उघडलेलं तिला आठवत नव्हतं.

"बाबाच," इरा म्हणाली. "उजवा हात. पण विचित्र आहे हे. काल पहिल्या अकरा वेळा पर्सने नाकारलंय, पुढच्या सहा वेळा घेतलंय. आजही तसंच, आधी नाही, मग हो. पर्स बिघडली असती तर असं झालं नसतं." तिने परत कळा दाबल्या. मग बोलली तेव्हा आवाज बदलला होता. "आई, नाकारलेल्या नोंदींत थरथर आहे ती सेकंदाला पाच वेळाची. मार्चमध्ये बाबाची दहा होती."

"म्हणजे?"

इराने दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तिने सांगितलं. सुरुवातीच्या चाचण्यांत हजारभर माणसं होती. त्यांतल्या चौदा जणांचे हात काही महिन्यांनी पर्स ओळखेनाशी झाली. सगळ्यांची लय अशीच मंदावली होती. प्रयोगशाळेत आधी कापडाचा दोष शोधला, तो सापडला नाही. वर्षभरात त्या चौदांपैकी अकरा जणांना डॉक्टरांनी कंपवात सांगितला. पार्किन्सन. डोळ्याला कंप दिसायच्या आधी कापडाला तो जाणवला होता.

"मग तुम्ही लोकांना सांगत का नाही?"

"कंपनीचे वकील नको म्हणतात. पर्स म्हणजे कुलूप आहे, डॉक्टर नाही, असं त्यांचं म्हणणं. चुकीचं निदान झालं तर कोण जबाबदार? म्हणून ॲपमध्ये फक्त एक बटण आहे, 'हात पुन्हा शिकवा'. माणूस ते दाबतो, पर्स नवी लय शिकते आणि विषय संपतो." इरा आता हळू बोलत होती. "मी तुला हे सांगणंसुद्धा नियमाबाहेर आहे. आणि हे निदान नाही, आई. चौदांतले तिघं ठीक होते."

त्या दिवशी त्यांनी ठरल्याप्रमाणे आगगाडी आणि मग बस धरली. शलाका त्याच्याकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होती. चालताना त्याचा डावा हात हलत होता, उजवा अंगालगत. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याने डाव्या हाताने काढलं. हॉटेलच्या फॉर्मवर त्याने केलेली सही तिला आठवली, मुंगीएवढी. ती म्हणालीही होती, कागद महाग झालाय का. पेडव्यांचा वास तर त्याला आलाच नव्हता, हे आता तिच्या लक्षात आलं. यातली एकेक गोष्ट तिने महिनोन् महिने पाहिली होती आणि वयाच्या खात्यात टाकून दिली होती. बटण दाबून पर्सला शिकवावं आणि उरलेले तीन दिवस सुखाने फिरावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण ती सतरा वेळांची गोष्ट तिला गिळता येत नव्हती. पर्समध्ये तो शोधत काय होता?

काबो द रोका या त्या पश्चिम टोकावर वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दीडशे मीटर खाली समुद्र खडकावर फुटत होता आणि पुढे अमेरिकेपर्यंत पाणी. क्रूस उभारलेल्या दगडी खांबाजवळ लोक फोटो काढत होते. शलाकाने ज्या टोकावर तीस वर्षं बोट ठेवलं होतं त्याच्यावर ती उभी होती, आणि तिला तिथून बाजूला व्हायचं होतं. बसथांब्याजवळच्या इमारतीच्या आडोशाला एक बाक होता. तिथे ते बसले.

"मकरंद, सकाळी मी अंघोळीला जाते तेव्हा तू पर्समध्ये काय शोधतोस?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग समुद्राकडे. "इराने सांगितलं?"

"मी विचारलं तिला. अकरा वेळा नाही, सहा वेळा हो. काय आहे हे?"

"शोधत काही नव्हतो. मोजत होतो." त्याने उजवा हात खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर हळूहळू घासत होती, गोळी वळल्यासारखी. "पावणेसातला मी एक गोळी घेतो. तिला लागू पडायला चाळीस मिनिटं लागतात. तोवर पर्स मला घेत नाही. मग घेते."

"तुला माहीत आहे काय झालंय ते."

"सात महिने."

तो सांगत गेला. फेब्रुवारीत त्याला संशय आला. मार्चमध्ये इराने पर्स आणली त्या वेळी लय शाबूत होती, कारण गोळ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि पुरत होत्या. पणजीचा एक न्यूरॉलॉजिस्ट बघत होता. दर महिन्याला दंतवैद्यांच्या बैठकीला म्हणून तो गोव्याला जात असे, ते तिकडेच.

"त्या बैठकांना मी तुला डबा देत होते," शलाका म्हणाली.

"हो."

"सोलकढीची बाटली वेगळी. सांडू नये म्हणून."

"शलाका..."

"थांब. मला आधी एक सांग. ऑपरेशनं करतोस अजून?"

"फक्त सकाळची. गोळीचा असर असतो तेव्हा. घरी मला कळत नव्हतं, तो असर नेमका कधी सुरू होतो आणि कधी संपतो. डॉक्टर महिन्यातून एकदा तपासतो. खानावळीत पर्सने नाही म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, ही दर मिनिटाला सांगू शकते. दोन दिवस मोजलं. चाळीस मिनिटांनी सुरू होतो. काल मठाच्या दारात दहाला पर्स ओरडली, म्हणजे अडीच तास टिकतो. अडीच तासांत दोन इम्प्लांट होतात."

तो हे डॉक्टरच्या आवाजात सांगत होता, दुसऱ्या कुणाच्या हाताबद्दल सांगावं तसं. शलाकाला राग आला तो त्या आवाजाचा.

"आणि एक दिवस अडीचाचे दोन तास झाले तर? तोंड उघडून बसलेल्या माणसाला कोण सांगणार?"

मकरंदने डावा हात उजव्यावर ठेवला.

"झालंय का कधी काही?" तिने विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी. आरोंद्याच्या एक बाई होत्या. ड्रिल सटकलं. गालाला आतून लागलं, दोन टाके पडले." त्याने हात परत खिशात घातला. "त्यांना म्हणालो, तुम्ही हललात. त्यांनीच माझी माफी मागितली."

वाऱ्याने कुणाची तरी टोपी उडाली आणि दोन मुलं तिच्यामागे धावली. शलाका त्यांच्याकडे बघत बसली. इतक्या वर्षांत तिने मकरंदच्या तोंडून दवाखान्यातलं खोटं कधी ऐकलं नव्हतं. ते आपल्याला या बाकावर ऐकावं लागतंय, आणि तेही पर्सने सांगितलं म्हणून, याचं तिला रडू येत होतं. पण रडून त्याला सोपं करून द्यायचं नाही, एवढं तिला कळत होतं.

"त्या बाईंना फोन करायचा," ती म्हणाली. "हललात म्हणालो ते खोटं होतं, हे सांगायचं."

"करतो."

"आणि परत गेल्यावर कोण आहे पहिलं?"

"गुरुवारी जयवंत मेस्त्री. वरच्या जबड्याचं इम्प्लांट. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत त्यांच्या." मेस्त्री चितारआळीतले लाकडी खेळण्यांचे कारागीर, पंचाहत्तरीचे. मकरंदशिवाय कोणाला ते दाताला हात लावू देत नसत. त्याची तरुण सहकारी सानिका आत आली तरी तोंड मिटून घेत. "त्यांचं मी केलं असतं. सकाळी नऊला बसवून. मग थांबलो असतो."

"असं प्रत्येक गुरुवारी म्हटलं असतंस."

तो हसल्यासारखा झाला. "बहुतेक."

शलाकाने पर्स मांडीवर घेतली आणि फोनवरचं ते बटण शोधलं. "हात दे."

"कशाला? सहा महिन्यांनी लय परत बदलेल."

"मग परत शिकवू. मला पोलिसांना उत्तरं द्यायची नाहीत."

बारा वाजून गेले होते, दुपारची गोळी त्याने अजून घेतली नव्हती. त्याने हात पर्सवर ठेवला. "हात काढा," पर्स म्हणाली. त्याने काढला आणि परत ठेवला. थांब्यावर उभं असलेलं एक जर्मन जोडपं रोखून बघायला लागलं. शलाकाने त्यांना मान हलवून काही नाही असं सांगितलं. पर्स दहाव्या वेळी ओरडली, पंधराव्या वेळी ओरडली. विसाच्या पुढे तिचा आवाज हळू झाला, एकतिसाव्या वेळी ती काहीच बोलली नाही. तरी शलाकाने चाळीस पूर्ण करून घेतले. ती मोजत होती आणि तो हात ठेवत होता. तिच्या मांडीला पर्समधून तो कंप आता स्पष्ट जाणवत होता. एवढा जवळ असून आपल्याला आधी का कळला नाही, याचं तिला नवल वाटलं.

तेवढ्यात इराचाच फोन आला. शलाकाने तो मकरंदला दिला. बाप-लेक बराच वेळ बोलले. इरा रडली असावी, कारण मकरंद मधेमधे "अगं, ऐक" म्हणत होता. शेवटी तो म्हणाला, "माझ्या नोंदी वापर. सात महिन्यांच्या गोळ्यांच्या तारखा आहेत माझ्याकडे, त्या जुळवून बघ. नाव घालूनच वापर. वकिलांना म्हणावं, हा माणूस दंतवैद्य आहे आणि तुमच्या कुलपाने वेळेवर सांगितलं असतं तर एका बाईचा गाल वाचला असता." मग जरा ऐकून, "नोकरी जाईल का, ते तू ठरव. मी आग्रह करणार नाही."

इराने काय ठरवलं ते कळायला पुढे आठ महिने गेले. ॲपमध्ये त्या बटणाखाली एक ओळ आली: हात वारंवार शिकवावा लागत असेल, तर डॉक्टरांना भेटा. इराने तीन ओळी मागितल्या होत्या. ती नोकरीत राहिली, पण त्या विभागात नाही.

बाकावर मात्र मकरंद फोन हातात घेऊन बसून होता. आरोंद्याच्या बाईंना त्याने लावला, तो उचलला गेला नाही. मग त्याने जयवंत मेस्त्रींना लावला. तिकडे संध्याकाळ होती. पाठीमागचा कानस घासल्याचा आवाज शेजारी बसलेल्या शलाकालाही ऐकू येत होता.

"मेस्त्री, मी डॉक्टर बोलतोय. गुरुवारचं तुमचं काम सानिका करेल."

"आणि तुम्ही खय?"

"मी आहे. पण मला करता येणार नाही. माझा हात थरथरतो." वाक्य संपलं तरी तो फोन कानाला घट्ट धरून होता. "आजार आहे. बरा होणारा नाही."

पलीकडचं घासणं थांबलं.

"उजवो?" मेस्त्रींनी विचारलं.

"उजवा."

"माझो पण उजवो. पाच वर्सा झाली. तुमका सांगलंय नाय, दाताचो काय संबंध म्हणान." मेस्त्री खाकरले, मग झिलाचं, म्हणजे मुलाचं सांगू लागले. "रंग आता झील भरता. मी बाजूक बसान सांगतंय, हय जाड झालो, हय पातळ. खेळणी अजून माझ्याच नावान जातत. तुम्ही तसाच करा. ता चेडू, सानिका, करू दे, तुम्ही बाजूक बसा. पण बसा हा, नायतर मी तोंड उघडूचंय नाय."

"बसतो," मकरंद म्हणाला. "गुरुवारी नऊला या."

त्याने फोन खाली घेतला. डोळे वाऱ्याने पाणावले होते की कशाने, शलाकाने विचारलं नाही. तिने पर्स उघडून त्याला रुमाल दिला, त्याच्या खिशातली गोळी त्याच्या हातावर ठेवली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण त्याचं त्याने काढेपर्यंत ती थांबली.

"आता सानिका," तो म्हणाला आणि उठून दोन पावलं पलीकडे गेला. या वेळी तो सावकाश बोलत होता. आजाराचं नाव त्याने पहिल्याच वाक्यात घेतलं. मग दवाखाना, कोणते रुग्ण तिने घ्यायचे, कोणाला आधी कळवायचं. शलाकाला सगळं ऐकू येत होतं.

वळणावरून बस आली. थांब्यावरची रांग हलली, माणसं चढली, जर्मन जोडपंही चढलं. मकरंदची पाठ होती, त्याला दिसलं नाही. शलाका पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिली आणि तिने ड्रायव्हरला हाताने थांबायची खूण केली.

"माझा नवरा आहे," ती मराठीतच म्हणाली. "फोन संपवून येतोय."

ड्रायव्हरच्या कानात मणी होता की नाही कोण जाणे. त्याने इंजिन बंद केलं.